चर्चमधली मैफल आणि मदतनिधी: हॅन्डेलच्या ‘मेसाया’वरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चमध्ये मैफल ठेवून मदतनिधी उभा करायचा म्हटलं की दोन तऱ्हेचे लोक भेटतात. काहींना वाटतं, सूर लागले की माणसाचा हात आपोआप खिशाकडे वळतो. काहींना वाटतं, ही हौशी लोकांची करमणूक, गरिबाच्या पदरात काय पडणार! कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, गाणारे आम्ही या दोघांच्या कात्रीत सापडतो. त्यांना उत्तर देताना मी दरवेळी एकाच कलाकृतीकडे वळतो, ती म्हणजे अठराव्या शतकातल्या जॉर्ज फ्रिडरिक हॅन्डेल या जर्मन वंशाच्या संगीतकाराचा ‘मेसाया’. तो पहिल्यांदा गायला गेला तोच मदतीसाठी, पुढं वर्षानुवर्षं मदतीसाठीच गायला गेला आणि पैसा कुठून आला, कुठं गेला याच्या नोंदी आजही वाचायला मिळतात. लोक मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत.

‘मेसाया’ म्हणजे नेमकं काय?

‘मेसाया’ हा ओरॅटोरिओ आहे. धार्मिक कथानक एकल गायक, कोरस आणि वाद्यवृंद मिळून गाऊन सांगतात. वेशभूषा नाही, पडदा नाही, अभिनय नाही. नाट्यगीतांची मैफल बसून ऐकावी, तसा हा प्रकार ऐकायचा असतो.

चार्ल्स जेनेन्स या इंग्रज गृहस्थानं बायबलमधली वचनं वेचून त्याची संहिता जुळवली. ख्रिस्ताच्या येण्याची भाकितं, त्याचा जन्म, दुःखसहन, मरण आणि पुनरुत्थान असा तीन भागांचा प्रवास त्यात आहे. हॅन्डेलनं २२ ऑगस्ट १७४१ रोजी तो लिहायला घेतला आणि १४ सप्टेंबरला, म्हणजे २४ दिवसांत, हातावेगळा केला. पूर्ण ऐकायला अडीच तासांच्या आसपास लागतात.

पहिला प्रयोग चर्चमध्ये झाला होता का?

नाही. तो आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात, फिशॅम्बल स्ट्रीटवरच्या नव्या संगीतगृहात १३ एप्रिल १७४२ रोजी झाला. पण गाणारे बरेचसे चर्चचेच होते. सेंट पॅट्रिक आणि ख्राइस्ट चर्च या शहरातल्या दोन्ही कॅथीड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, कॉयरमधले गायक त्यात होते.

ते संगीतगृह उभं केलं होतं ‘चॅरिटेबल म्युझिकल सोसायटी’ नावाच्या मंडळींनी, आणि या सोसायटीचं कामच होतं संगीतातून पैसा जमवून कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना सोडवणं. म्हणजे हॅन्डेल डब्लिनला गेला तेव्हा तिथं दानासाठी गाण्याची घडी आधीच बसलेली होती. मर्सर्स हॉस्पिटलसाठीही १७३६ पासून चर्चमध्ये संगीतासह उपासना ठेवून निधी गोळा केला जात होता आणि त्यात हॅन्डेलचीच रचना गायली गेली होती. एकट्या प्रतिभावंतानं येऊन चमत्कार केला, असं या गोष्टीचं चित्र रंगवलं जातं तेव्हा मला वाईट वाटतं. डब्लिनच्या त्या अनाम वर्गणीदारांनी जमीन नांगरून ठेवली नसती, तर त्या दिवशी एवढं पीक आलं नसतं.

गाण्याच्या पैशातून माणसं तुरुंगातून कशी सुटली?

त्या काळी उसने पैसे फेडता आले नाहीत तर सावकार माणसाला तुरुंगात टाकू शकत असे. आत गेल्यावर कमाई बंद. वर तुरुंगातल्या राहण्याखाण्याचा खर्चही कैद्याच्याच माथी. त्यामुळे किरकोळ कर्जासाठी आत गेलेला माणूस वर्षानुवर्षं आतच राही, आणि बाहेर त्याचं कुटुंब रस्त्यावर येई. देणं चुकतं केलं की मात्र तो सुटे.

वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतच तीन धनी स्पष्ट लिहिले होते: वेगवेगळ्या तुरुंगांतले कैदी, स्टीफन स्ट्रीटवरचं मर्सर्स हॉस्पिटल आणि इन्स कीवरचं चॅरिटेबल इन्फर्मरी हे गरिबांसाठीचं रुग्णालय. जमलेल्या सुमारे ४०० पौंडांतून प्रत्येकाच्या वाट्याला १२७ पौंडांच्या आसपास आले. कैद्यांच्या वाट्यातून १४२ माणसांची सुटका झाली. दरडोई हिशेब केला तर एक पौंडसुद्धा पडत नाही. एवढ्याशा रकमेसाठी माणसं कोठडीत सडत होती.

संगीताची ताकद म्हणजे काय असं कुणी विचारलं की मला हा आकडा आठवतो. ‘मेसाया’तलं हालेलुया कोरस हे गाजलेलं समूहगान ऐकून श्रोत्यांच्या अंगावर रोमांच आले असतील, नसतील. १४२ कैदी सुटले, हे मात्र नोंदलेलं आहे.

स्त्रियांनी फुगीर घागरे घालू नयेत, अशी विनंती केली होती म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. त्या काळच्या फॅशनप्रमाणे श्रीमंत स्त्रियांच्या घागऱ्याखाली रुंद कड्या असत आणि पुरुष कमरेला तलवार लावत. दोन्हींनी जागा अडते. संगीतगृहात साधारण ६०० माणसं मावत. आयोजकांनी वर्तमानपत्रातून विनवलं की स्त्रियांनी कड्यांविना यावं आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, म्हणजे जास्त लोक बसतील आणि दानात भर पडेल. त्या दिवशी सुमारे ७०० श्रोते दाटीवाटीनं बसले.

मदतनिधीची मैफल ठेवणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं असं मला कळकळीनं वाटतं. लोकांकडून पैसे मागण्याआधी त्यांच्याकडून थोडी गैरसोय मागितली गेली आणि ती का मागितली हेही सांगितलं गेलं. घागऱ्याची कडी काढून आलेली बाई त्या कामात आधीच सामील झालेली असते.

चर्चचा विरोध झाला नाही का?

झाला. सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचे डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, होते लेखक जोनाथन स्विफ्ट. वय झालेलं, प्रकृती आणि मन दोन्ही ढासळत चाललेलं. आपल्या कॉयरच्या गायकांनी बाहेरच्या संगीतगृहात जाऊन गायचं नाही, असं त्यांनी आधी बजावलं. शेवटी परवानगी मिळाली आणि दोन्ही कॅथीड्रलचे गायक उभे राहिले.

लंडनमध्ये १७४३ च्या मार्चमध्ये कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात ‘मेसाया’ झाला तेव्हा विरोध जास्त होता. देवाची वचनं रंगभूमीवर, नटनट्यांच्या तोंडी? लोकांना ते रुचलं नाही. जाहिरातीत ‘मेसाया’ हे नावसुद्धा घातलं नव्हतं, नुसतं ‘नवा पवित्र ओरॅटोरिओ’ म्हटलं होतं. आपल्याकडेही देवळातलं गाणं नाटकाच्या मंचावर जावं की नाही यावर असेच वाद झाले आहेत, त्यामुळे या आक्षेपाला हसण्याचं कारण नाही. आक्षेप घेणाऱ्यांना भक्तीची काळजी होती.

सुझाना सिबरची हकीकत काय आहे?

सुझाना सिबर ही लंडनची नटी. घरगुती भानगडीचा खटला कोर्टात गाजल्यामुळे तिची अतोनात बदनामी झाली होती. डब्लिनला ती एका परीनं तोंड लपवायलाच आली होती. आवाज मोठा नव्हता, पण गाण्यातल्या शब्दाला ती प्राण देई. ‘मेसाया’च्या दुसऱ्या भागात ख्रिस्ताच्या तिरस्काराचं आणि अवहेलनेचं एक संथ गाणं आहे, ते तिच्या वाट्याला आलं. ते ऐकून डॉ. डिलेनी नावाचे धर्मगुरू जागेवरून उठून म्हणाले, ‘बाई, एवढ्यासाठी तुझी सगळी पापं माफ होवोत!’, असं सांगतात.

धर्मगुरूंचे शब्द अगदी तेच होते की नाहीत, याला महत्त्व नाही. समाजानं वाळीत टाकलेली बाई ‘तो तुच्छ मानला गेला’ असं गात होती आणि समोर बसलेले प्रतिष्ठित लोक ऐकत होते. ‘मेसाया’च्या सगळ्या इतिहासात मला याहून मोठा प्रसंग दिसत नाही.

कलाकारांनी त्या दिवशी फुकट गायलं का?

डब्लिनमध्ये हो. हॅन्डेल, व्हायोलिनवादक ड्युबर्ग, गायिका अव्होलिओ आणि सिबर, तसंच दोन्ही कॉयरमधले गायक, कुणीच मोबदला घेतला नाही आणि वर्तमानपत्रानं त्यांचे जाहीर आभार मानले.

लंडनमध्ये पुढं तसं राहिलं नाही, आणि ते योग्यच झालं असं माझं मत आहे. १७५४ च्या प्रयोगाचा हिशेब उपलब्ध आहे. सुमारे ३८ वादक, कोरसमध्ये १९ जण (६ मुलगे, बाकी पुरुष) आणि वर एकल गायक. बहुतेकांना ठरलेली रक्कम दिली गेली. जॉन बिअर्ड हा नामांकित गायक मात्र विनामोबदला गायला. ज्याला परवडतं त्यानं सोडावं, ज्याचं पोट त्यावर आहे त्याला द्यावं. आपल्याकडे ‘चॅरिटी शो आहे, मानधनाचं काय घेऊन बसलात’ असं म्हणून तबलजी आणि कीबोर्डवाल्याला रात्री अकरा वाजता रिक्षाभाडंही न देता रिकाम्या हातानं पाठवतात, तेव्हा मदत कोण कुणाला करतंय हा प्रश्न पडतो.

फाउंडलिंग हॉस्पिटल काय होतं?

टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांचा आश्रम. थॉमस कोरम नावाचा जहाजांचा कप्तान निवृत्त होऊन लंडनमध्ये राहायला आला. शहरात ये-जा करताना रस्त्याकडेला टाकलेली बाळं, काही जिवंत, काही मेलेली, त्याच्या नजरेस पडत. त्यानं आश्रमासाठी खटपट सुरू केली. अनौरस मुलांना आसरा देणं म्हणजे अनीतीला उत्तेजन, असं मोठमोठे लोक म्हणत. कोरमनं मग सरदार घराण्यांतल्या स्त्रियांना गाठलं आणि २१ जणींच्या सह्या मिळवल्या. १७ वर्षांच्या खटपटीनंतर, १७३९ मध्ये, दुसऱ्या जॉर्ज राजाची सनद मिळाली. पहिली मुलं २५ मार्च १७४१ रोजी आत घेतली गेली.

जागा थोडी आणि मुलं फार, म्हणून काही काळ सोडत काढत. आईनं पिशवीत हात घालून चेंडू काढायचा. पांढरा आला तर मूल (तब्येत तपासून) आत. लाल आला तर थांबायचं. काळा आला तर मूल घेऊन परत जायचं. हे पाहायला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमत, हे वाचताना आजही पोटात तुटतं.

आया मुलांजवळ खुणा ठेवत, त्या कसल्या?

आश्रमात घेतल्यावर मुलाचं नाव बदललं जाई. पुढं कधी परिस्थिती सुधारली आणि आई मूल न्यायला आली, तर ओळख पटावी म्हणून ती काहीतरी ठेवून जाई. अर्धं तोडलेलं नाणं. नाव कोरलेला पितळी तुकडा. फीत. हेझलनटचं रिकामं कवच. पुष्कळदा बाळाच्या किंवा आईच्या कपड्यातून कातरलेला कापडाचा तुकडा नोंदणीच्या कागदाला टाचून ठेवत. असे हजारो तुकडे अजून जपलेले आहेत: फुलाफुलांचं सुती कापड, निळ्या रेघा, लाल लोकर. एका तुकड्याच्या कडेला कात्रीची रेघ तिरकी गेली आहे असं दिसलं तरी कापणाऱ्या हाताचा विचार मनात येतो. मुलाला न्यायला परत येऊ शकलेल्या आया मात्र फार थोड्या होत्या.

लंडनच्या ब्रन्सविक स्क्वेअरमधल्या फाउंडलिंग म्युझियममध्ये यातल्या काही खुणा ठेवल्या आहेत. हॅन्डेलविषयीचा मोठा संग्रहही त्याच इमारतीत आहे. ‘मेसाया’ ऐकणाऱ्या मराठी माणसानं, लंडनला जाणं झालं तर, मोठ्या राजवाड्यांच्या आधी इथं जावं, असं मी आग्रहानं सांगेन.

हॅन्डेल या आश्रमाशी कसा जोडला गेला?

आश्रमाचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, बांधून पुरं व्हायचं होतं. हॅन्डेलनं स्वतःहून मैफल देऊ केली. ती २७ मे १७४९ रोजी अर्धवट बांधलेल्या चॅपलमध्ये झाली. गरिबाची काळजी वाहणारा तो धन्य, अशा अर्थाच्या ४१ व्या स्तोत्रातल्या वचनावर त्यानं खास गीत रचलं आणि शेवटी ‘मेसाया’तला हालेलुया कोरस जोडला.

पुढल्या वर्षी त्यानं चॅपलला ऑर्गन दिला आणि १ मे १७५० रोजी तिथं संपूर्ण ‘मेसाया’ केला. तिकीट अर्धा गिनी, म्हणजे साडेदहा शिलिंग. मजुराची जवळपास आठवड्याची कमाई. तरी गर्दी इतकी उसळली की तिकीट घेतलेल्या कित्येक प्रतिष्ठितांनाही दारातून परतावं लागलं. मग १५ मे रोजी पुन्हा प्रयोग करावा लागला. त्याच महिन्यात हॅन्डेलला आश्रमाच्या विश्वस्तांमध्ये घेतलं. त्यानंतर दरवर्षी तिथं ‘मेसाया’ होत राहिला.

एकूण किती पैसे जमले?

१७७७ पर्यंतच्या प्रयोगांतून सुमारे ७,००० पौंड. हॅन्डेल १७५९ मध्ये वारल्यावर जॉन क्रिस्टोफर स्मिथनं आणि नंतर जॉन स्टॅन्ली या अंध ऑर्गनवादकानं ते चालू ठेवले. स्वतः हॅन्डेलचीही दृष्टी शेवटच्या वर्षांत गेली होती.

एका दिवसाच्या वसुलीपेक्षा मला हे सातत्य मोलाचं वाटतं. आश्रमाला रोज दूध लागतं, दायांना दर महिन्याला पगार लागतो. यंदाही ‘मेसाया’ होणार, हे माहीत असलं की खर्च आखता येतो.

यात हॅन्डेलचा काही फायदा झाला का?

झाला, आणि तो मोकळेपणानं सांगायला हवा. लंडनमध्ये ‘मेसाया’ आधी थंडच गेला होता. चॅपलमध्ये, अनाथ मुलांच्या कारणासाठी, तो ऐकल्यावर त्याच्यावरचा आक्षेप गळून पडला. नाट्यगृहात जी वचनं खटकत होती ती इथं आपल्या घरी आली. तो दरवर्षी ऐकायची सवय इंग्रजांना याच प्रयोगांनी लावली. आज हा ओरॅटोरिओ जगभर गायला जातो, त्याचं मोठं श्रेय या आश्रमाच्या प्रयोगांना आहे. संगीतानं मुलांना जगवलं तसं मुलांनी या संगीताला जगवलं, असं मी मानतो.

‘मेसाया’चे हक्क आश्रमाला दिले होते का?

तसं व्हावं असं विश्वस्तांना वाटत होतं. लंडनमध्ये हॅन्डेल आणि आश्रम यांच्याशिवाय कुणी ‘मेसाया’ करू नये, असा कायदा पार्लमेंटकडून करून घ्यायचा त्यांचा बेत होता. हॅन्डेल भडकला. माझं संगीत पार्लमेंटात जाणार नाही, असं त्यानं आपल्या जर्मन वळणाच्या इंग्रजीत सुनावल्याची आख्यायिका आहे. बेत बारगळला.

पण १७५७ मध्ये मृत्युपत्राला जोडलेल्या पुरवणीत त्यानं ‘मेसाया’च्या संपूर्ण स्वरलिपीची स्वच्छ प्रत आणि सगळ्या वाद्यांचे, आवाजांचे सुटे कागद आश्रमाच्या नावे केले. छापील प्रती सहज न मिळण्याच्या काळात सुटे कागद हाती असणं म्हणजे प्रयोग करण्याची सगळी सामग्रीच हाती असणं. आपण गेल्यावरही आश्रमाला कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागू नये, एवढा पुढचा विचार त्यानं केला होता.

तो आश्रम खरोखर चांगला चालला का?

सगळा काळ नाही. १७५६ मध्ये पार्लमेंटनं अनुदान दिलं, पण अट घातली की येईल ते मूल घ्यायचं. चार वर्षांत सुमारे १५,००० मुलं आली. लांबच्या गावांहून टोपल्यांत घालून आणलेली, वाटेतच दगावलेली. त्यातली एक तृतीयांशसुद्धा मोठी होऊन कामधंद्याला लागेपर्यंत जगली नाहीत. १७६० मध्ये ती सोय बंद केली.

दानधर्माच्या कौतुकात हे झाकून ठेवू नये. पैसा जमवणं आणि मूल जगवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. मैफल पहिल्याला हातभार लावते. दुसऱ्याला दाया, डॉक्टर, स्वच्छ पाणी आणि झेपेल एवढीच मुलं घेण्याचं शहाणपण लागतं.

आश्रमाची जुनी इमारत १९२० च्या दशकात पाडली गेली. त्या जागेतल्या काही भागावर आता मुलांचं मैदान आहे आणि सोबत लहान मूल असल्याशिवाय मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत. कोरमच्या नावानं संस्था आजही मुलांसाठी काम करते.

दानासाठी चर्चमध्ये गाण्याची ही पहिलीच वेळ होती का?

नव्हती. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलशी जोडलेला धर्मगुरूंच्या निराधार कुटुंबीयांसाठीचा उत्सव १६५५ पासूनचा. ग्लॉस्टर, हेरफर्ड आणि वूस्टर या तीन कॅथीड्रलच्या कॉयरचा एकत्र उत्सव अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालतो, आणि त्यातही विधवा व अनाथांसाठी निधी गोळा होऊ लागला. इटलीतल्या व्हेनिसमध्ये तर अनाथ मुलीच गात आणि वाजवत. पिएता या आश्रमात १७०३ पासून संगीतकार विव्हाल्डी त्यांना व्हायोलिन शिकवायचा. चर्चमध्ये जाळीआड बसून त्या गात, आणि ऐकायला परदेशातून लोक येत.

हालेलुया कोरसला लोक उभे का राहतात?

राजा दुसरा जॉर्ज भारावून उभा राहिला म्हणून सगळे उभे राहिले, अशी कथा आहे. ती बऱ्याच वर्षांनी सांगितली गेली. त्या वेळच्या कुठल्याही नोंदीत राजा हजर असल्याचा पुरावा नाही. प्रथा मात्र टिकली. उभं राहावंसं वाटलं तर राहा, बसावंसं वाटलं तर बसा.

संगीतानं खरंच मन बदलतं का?

माझा अनुभव असा की संगीत माणसाला उदार करत नाही, एकत्र आणतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकाच वेळी वाढतात आणि उतरतात. कारण साधं आहे: ओळ एक, म्हणून श्वास एक. कॉयरमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. शेजारच्या आल्टोनं (स्त्रियांच्या खालच्या पट्टीत गाणारीनं) श्वास घेतला की आपली छाती भरते.

त्यात चर्चच्या इमारतीचा वाटा मोठा आहे. दगडी भिंती, उंच छत, पडदे-गालिचे कमी. सूर थांबल्यावरही काही क्षण हवेत राहतो. द्रुत ताना त्यात चिखल होतात, पण लांब स्वर आणि चार आवाजांची संगती भरून येते. मायक्रोफोन लावून साउंडवाल्यानं ते मारून टाकू नये, ही हात जोडून विनंती.

असा एकत्र आलेला जमाव मदत करायला तयार असतो. पण कशासाठी, ते त्याला कुणीतरी स्पष्ट सांगावं लागतं. डब्लिनच्या जाहिरातीनं ते मैफलीच्या आधीच सांगितलं होतं.

मराठी माणसाला हे सगळं नवं आहे का?

मुळीच नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या नटश्रेष्ठांनी मिळून टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं. भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवरावांचा. लोकांनी चढ्या दरानं तिकिटं घेतली. एकाच ध्येयासाठी दोघं एका रंगमंचावर आले, यातच अर्धा निधी जमा झाला होता असं म्हणावं लागेल.

मराठी ख्रिस्ती मंडळींकडे तर स्वतःचंच धन आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या, ओवीच्या वळणाची भजनं दिली, कीर्तन चर्चमध्ये आणलं. नगरकडच्या कुठल्याही उपासनेला टाळ, तबला, पेटीवर ही भजनं ऐकू येतात. हार्वेस्ट फेस्टिव्हलला, म्हणजे पिकाबद्दल आभार मानण्याच्या सणाला, अर्पण केलेल्या कणसांचा, कोंबड्यांचा, केकचा लिलाव होतो आणि एक भोपळा तीनदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा अर्पण करतो. मदतनिधीच्या मैफलीसाठी ‘मेसाया’च हवा असं नाही. टिळकांच्या भजनांची संध्याकाळ आपल्या लोकांच्या काळजाला अधिक लवकर भिडेल असं मला वाटतं.

आमच्या चर्चमध्ये अशी मैफल ठेवायची आहे. सुरुवात कुठून करावी?

पैसा कुणाला द्यायचा, तिथून. हॉल, कॉयर, पोस्टर सगळं त्यानंतर. ‘गरजूंसाठी’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक वसतिगृहातल्या मुलींच्या वर्षभराच्या जेवणासाठी’ असं लिहा आणि त्या जेवणाला किती लागतात तेही लिहा.

संस्था नोंदणीकृत ट्रस्ट आहे का, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब वेळेवर जातात का, ते आधी पाहा. देणगीदाराला देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेकडे तशी मान्यता हवी, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआयची सोय ठेवा. तिकिटाचे पैसे आणि देणगी यांच्या पावत्या वेगळ्या फाडा. तिकिटाच्या बदल्यात माणसाला कार्यक्रम मिळालेला असतो.

खर्च आधी ठरवा. साउंड, छपाई, चहा, वादकांचं मानधन. एखाद्या सभासदानं खर्च उचलला तर जमलेली पै न् पै कामी लागते, आणि तसं जाहीर करता येतं.

तिकीट लावावं की अर्पणाची पिशवी फिरवावी?

दोन्ही चालतं, पण वेगवेगळी माणसं येतात. तिकिटानं हमखास रक्कम मिळते. पिशवीनं दार सगळ्यांना उघडं राहतं, आणि ज्यांच्यासाठी मैफल आहे तेही येऊन बसू शकतात. डब्लिनला तिकीट घेणाऱ्याला रंगीत तालमीचा प्रवेश फुकट होता. आपणही आदल्या संध्याकाळची तालीम वस्तीतल्या लोकांसाठी मोकळी ठेवावी आणि मुख्य कार्यक्रमाला तिकीट लावावं, असं मी सुचवेन.

कॉपीराइटची अडचण येते का?

भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे हॅन्डेल आणि टिळक दोघेही मुक्त आहेत. पण आजच्या कुणी केलेल्या स्वररचनेचा किंवा छापील आवृत्तीचा हक्क शाबूत असू शकतो. झेरॉक्स काढण्याआधी पहिलं पान वाचा. नव्या सिनेमातली किंवा अल्बममधली गाणी घ्यायची असतील तर परवाना काढावा लागेल.

मी ख्रिस्ती नाही. आलं तर चालेल का?

जरूर या. चपला दाराशी काढायच्या की नाही ते त्या चर्चच्या रीतीवर आहे, शेजारच्याला विचारा. गाण्याच्या भागांमध्ये टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे आयोजक सुरुवातीला सांगतात. प्रार्थनेच्या वेळी नुसतं शांत बसलं तरी पुरे.

कार्यक्रम झाल्यावर काय?

आठवड्याभरात हिशेब लावा: किती जमले, किती खर्च झाले, किती कुणाला दिले. चर्चच्या फळ्यावर लावा, व्हॉट्सॲपवर टाका, वादकांनाही पाठवा. पैसे पोचल्याची संस्थेची पावती त्याशेजारीच लावा. आणि त्याच कागदावर पुढच्या वर्षीची तारीख लिहून टाका.